पायाच्या ब्रेकचा दिवा

जगन घरत याचं गॅरेज पेणला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. गॅरेज म्हणायचं आपलं. वर पत्रा, खाली ऑइलनं काळी झालेली जमीन आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेले पाने. माणूस तोंडाचा फटकळ. चिखलानं भरलेली गाडी आणली तर तो तिला हात लावत नसे, आणि दुसऱ्या मेकॅनिककडे बिघडवून आणली तर गिऱ्हाइकाला चार शब्द सुनावल्याशिवाय पाना उचलत नसे. तरीही जोह्याचे मूर्तिकार, जित्याचे दूधवाले, खाडीकाठच्या खारेपाटातून कंपनीत शिफ्टला जाणारी माणसं, सगळी त्याच्याचकडे येत. त्याचा हात लागलेली गाडी त्याच दुखण्यासाठी पुन्हा येत नसे, हे एक कारण झालं. दुसरं म्हणजे त्याचा शब्द. इंजिन गेलंय असं जगन म्हणाला की गेलं. मग मालकानं कितीही नाक मुरडलं तरी गाडी घेणारा तिच्याकडे फिरकत नसे. जुनी गाडी घेताना माणसं “जगन काय बोलला?” एवढंच विचारायची. हा मान त्यानं मिळवलेला होता आणि तो त्याला आवडायचाही.

तो मूळचा खाडीकाठचा, मिठागरात राबणाऱ्या घरातला. बाप लवकर गेला, आई ठमाबाई दिवसभर कोंड्यांवर, म्हणजे मिठाच्या वाफ्यांवर, त्यामुळे त्याला वाढवलं ते थोरल्या बहिणीनं, शकूनं. पुढे शकूचं लग्न झालं. नवरा जनू, त्याच गावचा, अबोल आणि कष्टाळू. मेव्हणा मिठात हात खरवडून घेतोय हे जनूला बघवेना. त्यानं जगनला सायकलवर बसवून पेणला आणलं, एका गॅरेजात उभं केलं आणि मालकाला सांगितलं, याला शिकवा, शिव्या द्या, पण परत पाठवू नका. जगन भावजींना देवाच्या खालोखाल मानायचा तो उगाच नव्हे.

मिठागरं बंद पडत गेली तसा जनू रोह्याला एका केमिकल कंपनीत लागला. जाण्यायेण्यासाठी जगननं त्याला जुनी पण चांगली मोटारसायकल बघून दिली, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असलेली. जनू ती जपायचा खरा, पण चालवायचा खारेपाटातल्या सगळ्यांसारखीच. तिथं गावातून डांबरी रस्त्यापर्यंत यायचं तर खाडीच्या बांधावरून यावं लागतं. बांध अरुंद, वर शाडूसारखा बुळबुळीत चिखल. तिथं हँडलवरचा पुढचा ब्रेक धरला की चाक घसरतं आणि माणूस गाडीसकट खाजणाच्या दलदलीत. म्हणून खारेपाटातला माणूस पुढच्या ब्रेकला हातच लावत नाही. सगळं काम पायाच्या ब्रेकवर. पुढे डांबरी लागो नाहीतर हायवे लागो, सवय तीच. जगन यावरून भावजींची टिंगल करायचा, की तुमची गाडी विकायला काढली तर पुढच्या ब्रेकचा दांडा नवाकोरा म्हणून वेगळा विकता येईल. जनू हसायचा आणि तसाच चालवायचा.

दोन हजार अकराच्या भाद्रपदात, संध्याकाळी, जनू रोह्याहून घरी येत होता. पाऊस लागून राहिला होता. निडी गावाच्या अलीकडे रस्त्यात अचानक म्हशी आल्या. जनूनं ब्रेक दाबला आणि मागून येणाऱ्या टेम्पोचा कोपरा बाजूनं त्याच्यावर आदळला; गाडी फारशी न मोडता कडेला घसरली. जनू जागच्या जागी गेला.

टेम्पो निडीजवळच्याच एका गावातल्या महिपतीचा होता. भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातला सरळ माणूस, हंगामात गावचाच माल रोह्याच्या बाजारात नेणारा. तो पळाला नाही. जगन आणि शकू निरोप मिळाल्यावर धावत पोहोचले तेव्हा तो भिजत तिथंच उभा होता, आणि येईल त्याला हात जोडून एकच सांगत होता, की पुढच्या गाडीचा ब्रेकचा लाल दिवा लागलाच नाही, लागला असता तर मी थांबलो असतो.

हवालदारानं विचारलं, इथं गाडीतलं कळणारं कुणी आहे का. दोन गावांची माणसं जमली होती. जगन पुढे झाला. रस्त्याच्या कडेला पडलेली गाडी त्यानं उभी केली, चावी फिरवली आणि हँडलचा ब्रेक आवळला. मागे लाल दिवा लख्ख लागला. जमलेल्या सगळ्यांच्या ओल्या तोंडांवर त्याचा उजेड पडला. जगननं एकदा सोडून पुन्हा आवळला. पुन्हा लागला.

“बघा हा दिवा,” तो म्हणाला. “माजा भावजी मेला आनि ह्यो मानूस खोटं बोलतोय.”

पुढे त्यानं जबाबही तसाच दिला. शकूनं त्या रस्त्यावर बसून महिपतीला जे शाप दिले ते ऐकून निडीच्या बायकासुद्धा मागे सरल्या. त्या दिवसापासून महिपती हा दारूचं निमित्तही नसताना माणूस मारलेला आणि वर खोटं बोललेला ड्रायव्हर झाला. खुद्द त्याच्या गावात कुणी त्याला तोंडावर काही म्हणालं नाही, पण टेम्पोला माल मिळेना. केस उभी राहिली. पहिल्या तारखांना तो दिव्याचं सांगत राहिला. मग एका तारखेला त्यानं आपणहून गुन्हा कबूल केला, म्हणाला की माझंच लक्ष नसेल. काही महिने आत राहून आला. टेम्पो विकून टाकला आणि शेतीत मान खाली घातली. कबुलीची बातमी पेणला आली तेव्हा जगनला बरं वाटलं होतं. शेवटी खरं बाहेर आलं, असं तो शकूला म्हणाला होता.

केस संपल्यावर गाडी शकूच्या ताब्यात मिळाली. ती तिनं पडवीत प्लॅस्टिकचा कागद घालून ठेवली. कुणी मागितली तर द्यायची नाही, विकायचं नावही काढू द्यायचं नाही. अपघाताला तीन वर्षं होऊन गेल्यावर एका माघात जगन घरी आला असता तिनं आपणच विषय काढला. उभी राहून सडेल, म्हणाली, तू घेऊन जा आणि तूच चालव, दुसऱ्याला देऊ नको. जगननं गाडी टेम्पोत घालून पेणला आणली.

गल्लीतली इतर कामं बाजूला ठेवून त्यानं ती उघडली. नवी बॅटरी घातली, टाकी धुतली, टायर बदलले. ब्रेकच्या दिव्याचं काय करायचं हे त्याच्या मनात पक्कं होतं. पायाच्या ब्रेकला हँडलच्या ब्रेकपासून वेगळा जो दिव्याचा स्विच असतो तो स्प्रिंगनं ओढला जातो; ब्रेकचा दांडा खाली गेला की स्प्रिंग ताणते, स्विचचा दट्ट्या बाहेर येतो आणि दिवा लागतो. खारेपाटातल्या मिठाच्या चिखलात ही स्प्रिंग दोन पावसाळे काढत नाही. म्हणून अलीकडे जगन तो स्विच काढून दाबाचा स्विच बसवायचा. ब्रेक ऑइलची नळी जिथं जोडलेली असते तिथल्या पोकळ बोल्टच्या जागीच तो बसतो. ब्रेक दाबला की ऑइलला दाब येतो आणि त्या दाबानंच दिवा लागतो. स्प्रिंग नाही, ओढणं नाही, चिखलाचा संबंध नाही.

जुना स्विच काढायला तो गाडीशेजारी आडवा झाला. पायाच्या ब्रेकच्या आतल्या बाजूला चिखल सुकून दगड झाला होता. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडला तसा तो ढलप्यांनी निघाला, आणि आत स्प्रिंग नव्हतीच. स्प्रिंगच्या जागी निळा नायलॉनचा धागा होता. जाळी विणायला वापरतात तो. ब्रेकच्या दांड्यापासून स्विचपर्यंत दुहेरी ओढून बांधलेला, आणि टोकाला गाठ.

ती गाठ जगननं ओळखली. मिठागरात खाडीचं पाणी घ्यायच्या उघाडीची फळी बांधायला जनू तशी गाठ मारायचा, डाव्या हातानं, शेवटी एक उलटा वेढा देऊन. गावात दुसरं कुणी तशी मारत नसे. स्प्रिंग तुटली असणार आणि एवढ्याशा कामासाठी मेव्हण्याचा खोळंबा कशाला म्हणून भावजींनी घरातला धागा घेऊन भागवलं असणार. खारेपाटात सगळंच असं भागवतात. होडीचं वल्हं, पाटीचा कान, चपलेचा अंगठा, सगळं त्या निळ्या धाग्यानं. जगनला आधी रागच आला. मेकॅनिक घरात असताना धागा बांधतात, असं तो मोठ्यानं म्हणाला आणि शेजारच्या चहावाल्यानं मान वळवून पाहिलं.

त्यानं चावी फिरवली आणि पायाचा ब्रेक दाबला. दिवा लागला. धागा बरोबर ताणत होता. जगन स्विच काढायला पुन्हा खाली वाकला आणि तिथंच थांबला.

नायलॉन भिजला की ढिला पडतो. हे खाडीकाठच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. कोरड्या हातानं ताठ बांधलेला दोर भरतीचं पाणी लागलं की सैल होतो, म्हणून होडी बांधताना दोर आधी भिजवून घेतात. जगन उठला, बादली आणली आणि त्या धाग्यावर पाणी ओतलं. चहा प्यायला गेला, प्याला नाही, परत आला. पुन्हा पाणी ओतलं. मग पायाचा ब्रेक दाबला. दिवा लागला नाही. जोरात दाबला, पार खाली जाईपर्यंत. धागा लोंबला, थोडा ताणला, आणि स्विचपर्यंत काही पोहोचलंच नाही. मागचा दिवा आपला मंद लाल, नेहमी असतो तेवढाच. हँडलचा ब्रेक आवळला तर लख्ख.

जगन मांडी घालून जमिनीवर बसला. त्या संध्याकाळी पाऊस होता. भावजी पुढच्या ब्रेकला हात लावत नव्हते, ते त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. त्यावरून त्यानं आयुष्यभर थट्टा केली होती. आणि साऱ्या लोकांसमोर दिवा बघायचा झाला तेव्हा त्याचा हात गेला तो हँडलवर. चिखलात वाकून पायाचा ब्रेक दाबायचं त्याला सुचलं नव्हतं. खरं तर सुचू द्यायचं नव्हतं. समोर भावजी पडले होते आणि दोष द्यायला एक माणूस हात जोडून उभा होता. महिपतीनं जे पाहिलं तेच सांगितलं होतं, आणि जगनच्या शब्दाला किंमत होती म्हणून ते बुडालं होतं.

धागा काढून गटारात टाकला असता तर कुणाला कळणार नव्हतं. केस संपलेली, शिक्षा भोगून झालेली, आणि ज्यानं गाठ मारली तो या जगात नाही. जगनच्या मनात हे आलं, आलंच नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. मग त्यानं गाठ न सोडता धागा दोन्हीकडून कापला, कागदात गुंडाळून खिशात ठेवला आणि कामाला लागला.

ते काम त्यानं फार सावकाश केलं. रंगावर ऑइल पडू नये म्हणून खाली चिंधी पसरली. जुना बोल्ट सोडवला, नळीच्या दोन्ही अंगांना तांब्याचे नवे वायसर घातले, दाबाचा स्विच हातानं लावून मग पान्यानं बेतानं आवळला, कारण जास्त आवळला तर तो मोडतो आणि कमी आवळला तर ऑइल गळतं. जुन्या स्विचच्या दोन तारा त्याला जोडल्या. मग नळीत शिरलेली हवा काढायला बसला. ब्रेक दाबून धरायचा, खालची निपल किंचित उघडायची, बंद करायची, ब्रेक सोडायचा. ऑइलबरोबर बुडबुडे येत होते तोवर तो हेच करत राहिला. शेवटी पायाचा ब्रेक दगडासारखा कडक झाला. चावी फिरवून त्यानं तो बोटानं नुसता टेकवला आणि मागं लाल दिवा लागला. अख्खी बादली त्यावर ओतली तरी तो लागतच होता. या कामाचा त्याला एरवी अभिमान वाटायचा. त्या दिवशी रडू आलं.

गाडी घेऊन तो शकूकडे गेला आणि सगळं सांगितलं. कागद उलगडून धागा तिच्यासमोर ठेवला. शकूनं गाठ बघितली. तिलाही ती ओळखीची होती. तिच्या घरातल्या अर्ध्या वस्तूंना ती होती.

“टाक तो खाडीत,” ती म्हणाली.

जगन म्हणाला, मग त्या माणसाचं काय करायचं. शकू चिडली. माझा माणूस गेला तो गेलाच, आता त्याच्या माथी दोष कशाला मारतोस, म्हणाली. तीन वर्षं तिनं रोज संध्याकाळी दिवा लावताना महिपतीच्या नावानं बोटं मोडली होती. त्या रागावर ती उठायची, त्यावर जेवायची आणि त्यावरच झोपायची. तो काढून घेतला तर हातात उरणार काय, तर नवऱ्यानं आपल्या हातानं बांधलेला एक धागा. जगनला हे कळत होतं, म्हणून त्यानं वाद घातला नाही. सकाळी निडीला जातो, एवढंच सांगून पडवीत आडवा झाला.

सकाळी तो गाडी बाहेर काढतो तर शकू धुवट लुगडं नेसून उंबऱ्यात उभी. ती त्या गाडीवर जनूच्या मागे सोडून कधी कुणाच्या मागे बसली नव्हती. ती बसली. वडखळ, नागोठणं मागे टाकत गाडी निडीच्या रस्त्याला लागली.

महिपतीचं घर गावाच्या टोकाला होतं. अंगणात तो वाल झोडत होता. माणसं कोण हे कळायच्या आधी त्यानं गाडी ओळखली. हातातली काठी तशीच राहिली आणि तो दोन पावलं मागे सरला. मारायला आले असावेत असंच त्याला वाटलं. त्यानं बसा म्हटलं नाही आणि जगनही बसला नाही. जगननं त्याला गाडीच्या मागे उभं राहायला सांगितलं आणि पायाचा ब्रेक दाबला. दिवा लागला. मग खिशातला धागा काढला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पावसात धागा ढिला पडला तो कसा, दिवा लागला नाही तो का, आणि आपण त्या दिवशी हँडल धरलं ते कसं चुकलं. भर रस्त्यात मी तुम्हाला खोटं पाडलं, म्हणून इथं येऊन सांगतोय, असं तो म्हणाला. शेजारच्या अंगणातली माणसं कुंपणाशी आली होती. बरंच झालं, त्यांनीही ऐकावं म्हणून जगननं शेवटचं पुन्हा मोठ्यानं सांगितलं.

महिपती धागा हातात घेऊन बघत होता. त्यानं गाठीवरून अंगठा फिरवला.

“म्या कोर्टात कबूल केलं, ते वकिलानं सांगितलं म्हनून नाय,” तो हळू म्हणाला. “सगलीच मानसं बोलाय लागली, दिवा लागला व्हता. मंग मलापन तसाच दिसाय लागला. डोले मिटले का लागलेला दिसायचा. वाटलं, आपनच पाह्यला नाय.”

माणूस तुरुंगात गेला हे जगनला माहीत होतं. त्याच्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंही आपण काढून घेतलं, हे माहीत नव्हतं.

आवाज ऐकून महिपतीची बायको मैना पिठाच्या हातानं बाहेर आली होती. ती ओटीच्या खांबाला धरून उभी राहिली. नवरा आत गेला तेव्हा एकटीनं शेत उरकलेली, आल्यावर त्याला एका शब्दानं न दुखवलेली बाई. गावात कुणी काही पुटपुटलं की ती तिथून उठून यायची. घरात त्या संध्याकाळचा विषय निघाला तर झालं ते झालं म्हणून ताट वाढायची. आता तिनं जगनकडे बघितलं, मग शकूकडे.

“म्हंजे,” तिनं विचारलं, “यांनी पुढं पाह्यलं व्हतं?”

जगन उत्तर देणार तोच शकू ओटीच्या पायरीशी गेली. तिनं मैनेचा पिठाचा हात धरला.

“पाह्यलं व्हतं गो बाय,” ती म्हणाली. “त्यांनी पाह्यलं व्हतं. माज्या मानसानं धागा बांधला व्हता.”

मैना मटकन पायरीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडू लागली. शकू तिच्याजवळ बसली. कुंपणापलीकडची माणसं एकेक करून निघून गेली. महिपती मात्र जागचा हलला नाही. तो बायकोकडे बघत होता. तीन वर्षं सगळं गाव एकीकडे गेलं तरी एक माणूस आपल्या बाजूला आहे, याच आधारावर तो त्या घरात राहिला होता.

“तुलापन खरं वाटत नव्हतं?” त्यानं विचारलं.

मैनेनं मान वर केली नाही.